हर्सूलचें पाणी आणि पितळी दरवाजावरील दोन नांवें

कोणतीही जुनी इमारत पाहावयास गेलें असतां आपण पहिला प्रश्न विचारतों तो ‘ही कोणी बांधिली?’ असा, आणि त्याचें उत्तर म्हणून बहुधा एखाद्या राजाचें, राणीचें किंवा सुभेदाराचें नांव आपल्या हातीं पडतें. ज्यानें द्रव्य पुरविलें त्यानें इमारत बांधविली असें म्हणणें यथार्थ होईल. पण जोत्याची आंखणी कोणीं केली, घुमटाचा भार कोणत्या भिंतीनें सोसावयाचा याचा हिशेब कोणीं बसविला, पाणी किती उतारानें आणावें हें कोणीं ठरविलें, या प्रश्नांस त्या उत्तराचा स्पर्शही होत नाहीं. आपल्या भाषेनें ‘बांधणें’ आणि ‘बांधविणें’ यांत भेद राखिला आहे. इतिहास सांगतांना मात्र तो आपण सोडून देतों आणि बांधविणारासच बांधणारा ठरवून मोकळे होतों. हा प्रमाद किती खोल गेला आहे हें एकाच गांवाच्या उदाहरणानें दाखवावें असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

औरंगाबाद शहराच्या, म्हणजे इ. स. २०२३ पासून ज्यास छत्रपती संभाजीनगर म्हणतात त्या शहराच्या, उत्तरेस दिल्ली दरवाजा आहे. त्यांतून बाहेर पडून अजिंठ्याच्या वाटेनें निघालें कीं थोड्याच वेळांत हर्सूल लागतें. वेरूळ, अजिंठा व बीबीका मकबरा पाहण्यास येणारीं कुटुंबें हर्सूल येथें थांबत नाहींत, आणि थांबावें असें डोळ्यांत भरणारें तेथें कांहीं दिसतही नाहीं. तथापि जुन्या शहराची खरी आरंभभूमि पाहावयाची तर ती हर्सूलच्या जमिनीखालीं आहे. दरवाजे, मशिदी, बागा, कारंजीं हें सारें मागाहून आलें. प्रथम आलें तें पाणी.

या मुलुखास पाण्याची अडचण नवी नव्हती. जवळच देवगिरीचा अभेद्य किल्ला. महंमद तुघलकानें इ. स. १३२७ मध्यें तेथें दिल्लीची राजधानी आणण्याचा उद्योग केला व तो अंगाशीं आला. किल्ल्यास लागतो तो दुर्गम कडा. शहरास लागतें तें बारमाही पाणी, आणि एकाच्या गुणानें दुसऱ्याची उणीव भरून निघत नाहीं. इ. स. १६१० मध्यें निजामशाहीचा पेशवा मलिक अंबर यानें खडकी या खेड्यास राजधानीचें रूप देण्याचें ठरविलें, तेव्हां त्याच्यापुढें पहिला प्रश्न हाच होता. गांवाचें नांवच जमिनीची साक्ष देणारें. भोंवतीं डोंगर, मध्यें खाम नदी, आणि ती नदीही पावसाळा सरला म्हणजे क्षीण होणारी.

मलिक अंबर मराठी वाचकांस परिचित आहे तो दोन कारणांनीं: एक त्याची जमीनमहसुलाची व्यवस्था व दुसरें त्याचें गनिमी युद्ध. सुमारें १५४८ मध्यें हबसाणांत जन्मलेला, बालपणींच गुलाम म्हणून विकला गेलेला आणि हस्तेंपरहस्तें दख्खनेंत पोंचलेला हा पुरुष निजामशाहीचा आधारस्तंभ झाला. त्याच्यापुढें हतबल झालेल्या जहांगीर बादशहानें आपण त्याच्या मस्तकावर बाण सोडीत आहों असें चित्र काढवून घेऊन समाधान मानिलें. मालोजी व शहाजी हे भोंसले निजामशाहीच्या चाकरींत होते. नव्या राजधानींत मालपुरा, खेळपुरा, परसपुरा, विठापुरा अशा मराठे सरदारांच्या नांवांच्या पेठा वसल्या. या पेठांतील माणसांस, घोड्यांस व बागांस पाणी पुरवावयाचें होतें. आणि तें उघड्या पाटानें आणलें तर शत्रूनें वेढा घालतांच अडविलें जाणार, उन्हाळ्यांत आटणार, आणि बारा महिने घाण होणार.

यावर जो उपाय योजिला गेला तोच ‘नहर-ए-अंबरी’ या नांवानें प्रसिद्ध आहे. हर्सूलच्या बाजूस, खामच्या खोऱ्यांत, नदीच्या पात्राखालीं व कांठाच्या भूमींत मुरलेलें पाणी गोळा करावयाचें आणि तें जमिनीच्या पोटांतूनच शहरांत न्यावयाचें, अशी ही युक्ति. आपला काळा पाषाण वरून अभेद्य भासला तरी त्यास भेगा असतात आणि थराथरांमध्यें मुरुमाचे पट्टे असतात. पावसाचें पाणी त्यांत उतरतें, हळूहळू झिरपत खोऱ्याकडे येतें, आणि वरचें पात्र कोरडें पडलें तरी खालचा झिरपा चालूच राहतो. या झिरप्यास आडवें जाऊन भुयार खणलें म्हणजे त्याच्या भिंतींतून पाणी पाझरूं लागतें. मग प्रश्न उरतो तो उताराचा. उतार अधिक झाला तर वेगवान पाणी चुना खरवडून नेतें. कमी झाला तर गाळ बसून मार्ग बुजतो. मोट नाहीं, रहाट नाहीं. पाण्यास त्याच्याच वजनानें मैलोगणती चालवावयाचें, तें जमिनीखालीं, आणि पाणसळ व ओळंबा यांपलीकडे फारशीं साधनें हातीं नसतां. ठराविक अंतरावर उभे कूप ठेविले, ते खणतांना माती वर काढण्यास, पुढें गाळ उपसण्यास आणि हवा खेळती राहण्यास उपयोगी पडले. शहरांत आल्यावर पाणी खापरी नळांतून हौदाहौदांत वांटलें गेलें. पुण्याच्या वाचकांस कात्रजच्या नळाचे उच्छ्वास ऐकून ठाऊक असतात. पेशव्यांच्या त्या कामाआधीं शंभराहून अधिक वर्षें हें काम झालें होतें.

ही विद्या मुळांत इराणी प्रदेशांतील. तेथें अशा भूमिगत पाटांस कनात किंवा कारेझ म्हणतात. दख्खनेंत बिदर येथें ती पूर्वींच आली होती. विलक्षण योग असा कीं, अंबरचा प्रतिस्पर्धी जो मोंगलांचा सेनापति अब्दुर्रहीम खानखानान, त्याच्या बुऱ्हाणपुरांतही इ. स. १६१५ च्या सुमारास याच जातीचें काम झालें. रणांगणावर एकमेकांचा घात चिंतणारे दोन मुत्सद्दी आपापल्या शहरांत एकाच विद्येची पूजा करीत होते. खडकी मोंगलांनीं १६१६ मध्यें जाळिली, १६२१ मध्यें पुनः उद्ध्वस्त केली. तरी शहर प्रत्येक वेळीं उठून उभें राहिलें. वाडे जळाले तरी जमिनीखालचें काम आगीच्या हातीं लागत नाहीं, हें या पुनरुज्जीवनाचें एक कारण असावें असें आम्हांस वाटतें. १६२६ मध्यें अंबर वारला; त्याच्या मुलानें शहरास फत्तेनगर म्हटलें; १६५३ मध्यें औरंगजेबानें आपलें नांव दिलें. नांवें बदलत गेलीं, नहर तीच राहिली. उलट तिच्या धर्तीवर आणखी नहरी झाल्या, आणि त्यांची संख्या बारा सांगण्याचा प्रघात आहे.

आतां आपला मूळ प्रश्न विचारूं. ही नहर कोणीं आंखिली? परंपरा सांगते, खुद्द मलिक अंबरानें. त्याची कल्पकता निर्विवाद आहे, आणि असें काम हातीं घेण्याचें धैर्य त्याचेंच. परंतु दरवर्षीं मोहिमेवर जाणाऱ्या पेशव्यानें प्रत्येक कुपाची खोली स्वतः मापिली असेल हें संभवत नाहीं. ज्या मुहंदिसानें उताराचा हिशेब धरिला, ज्या बेलदारांनीं अंधारांत दिव्याच्या उजेडावर खडक फोडिला, ज्या गवंड्यांनीं पाण्यांत टिकणारा चुना घोटला, त्यांपैकीं एकाचेंही नांव आपल्यापर्यंत आलें नाहीं. शहराचें अस्तित्व ज्यांच्या हिशेबावर उभें होतें ते निनांवी राहिले.

अंबराच्या मृत्यूनंतर सुमारें पस्तीस वर्षांनीं याच शहरांत एक अपवाद घडला, आणि त्यासाठींच हर्सूलच्या नहरीवरून आम्ही वाचकांस मकबऱ्याच्या दाराशीं नेत आहों. औरंगजेबाची बेगम दिलरसबानू, जिला मरणोत्तर राबिया-उद्-दौरानी म्हणूं लागले, ती १६५७ च्या आक्टोबरांत औरंगाबादेस वारली. तिच्या कबरीवरील ही इमारत तिचा पुत्र आजमशहा यानें बांधिली असें सर्वत्र सांगण्यांत येतें. मातृभक्तीची ती कथा ऐकून प्रेक्षकांचें अंतःकरणही द्रवतें. पण साधी वजाबाकी करून पाहावी. आजमशहाचा जन्म १६५३ च्या जून महिन्यांतला. मकबऱ्याच्या प्रवेशद्वारावरील पितळी पत्र्यांच्या दरवाजावर हिजरी सन १०७१ कोरलेला आहे, म्हणजे इ. स. १६६०–६१. त्या वेळीं हा राजपुत्र सात-आठ वर्षांचा होता! पुढें मोठेपणीं त्यानें कांहीं डागडुजी करविली असेल. परंतु मूळ रचनेचें श्रेय सात वर्षांच्या बालकास देणें हें बुद्धीस पटणारें नाहीं. बांधविणारा औरंगजेबच, आणि तोही १६५८ च्या आरंभीं गादीच्या युद्धासाठीं उत्तरेकडे निघून गेला. तेव्हां राजा दूर, राजपुत्र बालक, आणि तरीही इमारत उभी राहिली. ती ज्यांच्या देखरेखीखालीं उभी राहिली त्यांचीं नांवें त्याच दरवाजावर आहेत: अताउल्ला आणि हंसपतराय. पहिला रचनाकार, दुसरा बांधकामाचा अभियंता, असें मानितात.

हा अताउल्ला कोण? आग्र्याच्या ताजमहालाच्या आंखणीशीं ज्याचें नांव जोडिलें जातें त्या उस्ताद अहमद लाहोरी याचा हा पुत्र. पिता १६४९ मध्यें वारला. लुत्फुल्ला नांवाच्या दुसऱ्या मुलानें आपल्या काव्यांत पित्याच्या कामाचा उल्लेख केला नसता तर ताजमहालाचा कर्ताही आज अज्ञातच राहिला असता. घराण्यांत गणिताची उपासना मोठी. अताउल्लानें इ. स. १६३४–३५ मध्यें एका संस्कृत ग्रंथाचें फारसींत भाषांतर करून तें शहाजहानास अर्पण केलें. तो ग्रंथ भास्कराचार्यांचें ‘बीजगणित’ होय.

येथें महाराष्ट्रीय वाचकानें क्षणभर थांबावें. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून त्यांचा नातू चांगदेव यानें मठ स्थापिल्याचा शिलालेख चाळीसगांवनजीक पाटण येथें आहे. डॉक्टर भाऊ दाजी यांनीं तो १८६५ मध्यें विद्वानांपुढें आणिला. चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी. आणि देवगिरी तर औरंगाबादेच्या अगदीं शेजारीं. म्हणजे सह्याद्रीच्या कुशींत जोपासलेलें गणित संस्कृतांतून फारसींत गेलें, आणि तें नेणाराच पुढें त्याच डोंगरांच्या परिसरांत एक घुमट उभारावयास आला. अमुक समीकरण त्यानें अमुक कमानीस लाविलें असें आमचें म्हणणें नाहीं. तशी कल्पना करणें हा इतिहास नव्हे. परंतु इमारतीमागें बुद्धीची किती लांब परंपरा उभी असते हें दाखविण्यास याहून चांगलें उदाहरण आम्हांस सुचत नाहीं. आणि शेजारीं हंसपतरायाचें नांव: एकाच दारावर, एकाच ओळीच्या मानानें.

‘गरिबाचा ताज’ म्हणून या इमारतीची हेटाळणी करण्याची चाल पडली आहे. ताजाशीं तुलना केली तर मनोरे घुमटास अंमळ दाटून आल्यासारखे वाटतात, व ताजाची प्रमाणबद्धता येथें नाहीं, हें आम्हीही नाकारीत नाहीं. पण रचनाकाराची परीक्षा करितांना त्याच्या पदरीं काय होतें तेंही पाहिलें पाहिजे. गुलाम मुस्तफाच्या ‘तारीखनामा’ ग्रंथांत खर्च दिला आहे तो ६,६८,२०३ रुपये ७ आणे इतका. संगमरवर उत्तरेंतून आणावयाचा; सुरतेहून गोवळकोंड्यास जातांना फ्रेंच प्रवासी टाव्हर्निए यास संगमरवरानें लादलेल्या तीनशें गाड्या भेटल्या, आणि त्यांतील लहानांत लहान गाडीसही बारा बैल जुंपले होते असें त्यानें लिहिलें आहे. असा दगड जपूनच वापरावा लागतो. म्हणून भिंतींचा तळचा पट्टा व घुमट एवढेच संगमरवरी केले. मधला भाग स्थानिक काळ्या पाषाणाचा, आणि त्यावर घोटून घोटून चकाकी आणलेला चुन्याचा गिलावा. त्या गिलाव्यांतील वेलबुट्टी इतकी नाजुक आहे कीं, दुरून पाहणारास दगड कोठें संपला व चुना कोठें लागला हें उमगत नाहीं. तुटपुंज्या साधनांत डौल राखणें ही कला नव्हे तर काय?

या दोघांचा अपवाद सोडला तर पुढें पुनः जुनाच प्रकार. अठराव्या शतकांत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याशीं पाणचक्की झाली. तिचें पाणीही हर्सूलच्या बाजूचेंच: हर्सूलच्या नदीस मिळणाऱ्या एका नाल्याकांठची विहीर, सुमारें ८ किलोमीटर दूर, तेथून खापरी नळ, वाटेंत दगडी बांधणीचे उंच खांब, ज्यांत पाणी वर चढून पुनः खालीं उतरतें, आणि अखेर उंचावरून हौदांत पडून चक्की फिरविणारी धार. नळांत कोंडलेली हवा बाहेर जावी आणि पाण्याचा दाब आटोक्यांत राहावा हें त्या खांबांचें प्रयोजन. बांधविणारा म्हणून तुर्कताजखान या सरदाराचें नांव सर्वांस ठाऊक आहे. ते खांब कोठें व किती उंच असावेत हें ठरविणाराचें नांव मात्र लोकांच्या तोंडीं नाहीं.

हें दुर्लक्ष केवळ आपल्या देशाचें किंवा जुन्या काळाचें आहे असेंही नाहीं. रचनाकारांची नोंद ठेवण्यांत आधुनिक राष्ट्रें आपल्यापुढें आहेत. कॅनडाचेंच पाहा. ओटावा येथील पार्लमेंटचें पहिलें मध्यवर्ती मंदिर टॉमस फुलर व चिलियन जोन्स यांनीं आंखिलें; १९१६ च्या फेब्रुवारींत तें जळाल्यावर जॉन पिअर्सन व झाँ-ओमेर मार्शां यांनीं नवें उभारिलें. माँट्रिअलच्या १९६७ च्या प्रदर्शनांतील एकावर एक रचलेल्या घरांचा कर्ता मोशे साफ्दी. व्हँकूव्हरचें मानववंशशास्त्र-संग्रहालय आर्थर एरिक्सन याचें. हीं नांवें त्या देशांतील सुशिक्षितांस ठाऊक असतात. परंतु त्याच कॅनडांत, टोरांटो शहरीं सरोवराच्या कांठीं पाणी शुद्ध करण्याचें एक भव्य मंदिर आहे. १९४१ मध्यें तें चालू झालें. लोक त्यास कौतुकानें शुद्धीकरणाचा राजवाडा म्हणतात. त्यास नांव आहे तें आर. सी. हॅरिस या बांधकाम-आयुक्ताचें. आंखणी केली टॉमस पॉम्फ्री यानें. त्याचें नांव शोधूनच काढावें लागतें. मंदिरें व सभागृहें यांच्या कर्त्यांची आठवण कशीबशी राहते. पाण्याच्या कामाच्या कर्त्याची राहत नाहीं. पाणी आलें कीं तें कोणीं आणिलें हें विसरणें हा मनुष्यस्वभावच असावा.

पण विसरण्याचीही किंमत द्यावी लागते. खाम नदी गढूळ झाली. शहर वाढत हर्सूलपर्यंत पोंचलें. कित्येक ठिकाणीं नहरीचे कूप बुजले किंवा त्यांवर बांधकामें झालीं. १९७६ मध्यें पैठण येथील जायकवाडीचें धरण पुरें झालें, आणि शहराची भिस्त गोदावरीवर पडली. हर्सूलच्या तलावाचें थोडें पाणी जुन्या वस्तीस मिळतें. बाकीचें चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांवरून, खालून वर, विजेच्या बळानें चढवून आणावें लागतें. अलीकडील वर्षांत कित्येक मोहल्ल्यांतील गृहिणींस नळाच्या पाण्यासाठीं दिवसचे दिवस वाट पाहावी लागली आहे. नहरीनें आजच्या अफाट शहराची तहान भागेल असें आम्ही म्हणत नाहीं. तो भाबडेपणा होईल. परंतु डोंगराचा झिरपा जपावा, पात्र स्वच्छ ठेवावें, उताराचा अभ्यास केल्याविना एकही पाया खणूं नये, ही जी दृष्टि हर्सूलच्या त्या अज्ञात मुहंदिसापाशीं होती, ती आजच्या शहरास नकोशी झाली आहे काय? नहर बुजली यापेक्षां ही दृष्टि बुजली याचें आम्हांस अधिक वाईट वाटतें.

लेख संपवितांना एका शिलालेखाची आठवण द्यावीशी वाटते. माळव्यांत मांडवगडावर होशंगशहाची संगमरवरी कबर आहे. ती ताजमहालाहून दोनशें वर्षांनीं जुनी. इ. स. १६५९ मध्यें, म्हणजे औरंगाबादेंत मकबऱ्याचें काम चालूं असतांना, चार कारागीर ती पाहावयास गेले व आपल्या भेटीची नोंद दगडांत कोरून ठेवून आले. अताउल्लाचा भाऊ लुत्फुल्ला, जादूराय, शिवराम आणि हमीद. जुन्या कारागिराचें नांव त्यांसही ठाऊक नसावें. पण त्याचें काम पाहून नमस्कार करावा एवढी कृतज्ञता त्यांच्यापाशीं होती. आपणही वेरूळहून परततांना मकबऱ्याच्या पितळी दारापाशीं घटकाभर थांबून तीं दोन नांवें वाचावींत, आणि मुलांस वाचून दाखवावींत. मग दिल्ली दरवाजांतून हर्सूलकडे जावें, आणि नहरीचा एखादा कूप अजून उघडा असेल तर त्यांत वांकून पाहावें. तेथें कोणाचेंही नांव कोरलेलें नाहीं. पण तेवढ्यानें आपलें ऋण कमी होत नाहीं.